अमरावती ते अकोला : गाडीखालचा काळा थेंब

वऱ्हाडात अमरावती आणि अकोला ही दोन शहरे अशी आहेत की एकात घर असले की दुसऱ्यात नातेवाईक असतातच. कोणाची खाला अकोल्याच्या ताजनापेठेत, कोणाचे मामू अमरावतीच्या नागपुरी गेटजवळ. निकाह असो, अकीका असो, कोणी आजारी असो, या दोन शहरांमधला रस्ता आमच्या कुटुंबांच्या पायाखालचा आहे. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. एके काळी याच रस्त्यावर खड्डे चुकवता चुकवता तीन-तीन तास जात. मग जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत न थांबता टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या नावावर होता. वऱ्हाडातल्या माणसाला आपल्या रस्त्याचा अभिमान वाटावा, असा प्रसंग तसा दुर्मिळच!

रस्ता चांगला झाला तसे एसटीने जाणारे लोक जुनी का होईना, आपली गाडी घेऊन निघू लागले. आमच्याकडेही बारा वर्षांची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. या वेळचा प्रवास त्या गाडीच्या एका दुखण्यामुळे नेहमीपेक्षा वेगळा झाला. वाचकांपैकी अनेकांच्या दारात अशीच एखादी जुनी गाडी उभी असेल, म्हणून रस्त्याच्या वर्णनाबरोबर ते दुखणे आणि त्याचा इलाज इथे सविस्तर देत आहोत.

अब्बूंच्या डोळ्यांची तपासणी अकोल्यात ठरली होती आणि खालाजानकडे दोन दिवस मुक्कामही ठरला होता. निघण्याच्या चार दिवस आधी अंगणातल्या फरशीवर, गाडीच्या पुढच्या भागाखाली, रुपयाएवढे दोन काळसर डाग दिसले. अम्मींनी सगळ्यात आधी ते पाहिले, कारण रोज सकाळी अंगण धुण्याचे काम त्यांचे.

गाडीखाली ओल दिसली की घाबरण्याआधी ती कशाची आहे हे पाहायला हवे. एसी चालवून आणलेल्या गाडीखाली पाणी टपकते. ते स्वच्छ असते, त्याला वास नसतो, ते वाळले की काही उरत नाही. रेडिएटरचे कूलंट हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी असते आणि बोटाला किंचित चिकट लागते. ब्रेकचे तेल पातळ, फिकट पिवळसर असते आणि बहुधा चाकाजवळ दिसते. ब्रेकचे तेल गळत असेल तर गाडी जागची हलवायची नाही, मिस्त्रीलाच घरी बोलवायचे. इंजिन ऑइल मात्र तपकिरी ते काळे असते, दोन बोटांमध्ये चोळले की बुळबुळीत लागते आणि पाण्याने निघत नाही. आम्ही रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरला, चाकांच्या जागा पेन्सिलीने आखून घेतल्या. सकाळी पुठ्ठ्यावर तीन थेंब होते, तिन्ही इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या भागाखाली. रंग काळा, स्पर्श बुळबुळीत. म्हणजे इंजिन ऑइल.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसाने गाडी वर उचलून खालून बॅटरी मारली, बोट लावून पाहिले आणि सांगितले की इंजिनच्या मागचे क्रँक सील गेले आहे. गिअरबॉक्स उतरवावा लागेल आणि एवढे खोलतच आहोत तर इंजिनचेही काम करून घ्या. खर्चाचा आकडा ३४ हजार सांगितला.

घरात त्या रात्री जेवणे शांततेत झाली. आमच्याकडे त्या वेळी तेवढेच पैसे बाजूला होते आणि ते मुलीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी होते. अम्मी म्हणाल्या, "गाडी विकून टाका, फी आधी भरा." अब्बू म्हणाले, "तेल गळणाऱ्या गाडीला कोण किंमत देईल?" मुलगी काही बोलली नाही, पण तिचे न बोलणेच सगळ्यांना ऐकू येत होते.

शेवटी असे ठरले की अकोल्याला जायचेच आहे तर मूर्तिजापूरच्या एका मिस्त्रीला दाखवून मग काय ते ठरवावे. खालाजानच्या घरची गाडी वर्षानुवर्षे त्याच्याचकडे जाते. पण तेल गळणारी गाडी पन्नास-पंचावन्न किलोमीटर न्यावी का? याचे उत्तर डिपस्टिक देते. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबायचे, पट्टी काढून पुसायची, पुन्हा आत घालून काढायची. तिच्यावर दोन खुणा असतात, तेल त्या दोन्हींच्या मध्ये हवे. आमच्या गाडीत ते बरोबर मधोमध होते. चार दिवसांत ते जेमतेम एक-दोन मिलिमीटर उतरले होते. गळती थेंबांची होती, धारेची नव्हती. पातळी खालच्या खुणेच्या खाली असती किंवा डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा, जुन्या चिरागासारखे चित्र असलेला, पेटला असता, तर आम्ही गाडी काढलीच नसती. तो दिवा तेलाचा दाब गेल्याचे सांगतो. तो पेटलेला असताना चार किलोमीटर चालवले तरी इंजिन आतून जाम होऊ शकते, आणि मग ३४ हजारही कमी पडतात.

गाडीला चालेल त्याच प्रतीच्या तेलाचा एक लिटरचा डबा सोबत घेतला, फडके घेतले आणि सकाळी आठ वाजता निघालो.

अमरावती सोडताना अब्बूंना जुने शहर पाहायची सवय आहे, म्हणून गाडी परकोटाच्या बाजूने घेतली. निजामाच्या काळात पेंढाऱ्यांपासून व्यापारी पेठेचे रक्षण व्हावे म्हणून हा परकोट उभारला गेला. नागपुरी गेट, अंबा गेट, खोलापुरी गेट ही नावे आज पत्त्यांमध्ये राहिली आहेत. भिंतीच्या आत त्या काळी कापसाचा पैसा होता. अमरावतीच्या कापसाच्या बाजाराचे नाव दूर इंग्लंडपर्यंत पोहोचले होते. बडनेऱ्यावरून जाणारी मोठी रेल्वे लाइनही याच कापसाने भरभराटीला आणली.

बडनेरा मागे पडले की दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते. पावसाळ्याच्या तोंडावर ती नांगरलेली, भेगाळलेली, वाट पाहत पडलेली असते. कपाशी, तूर, सोयाबीन यांवर इथल्या घरांचे वर्षाचे गणित ठरते. पूर्वी या रस्त्यावर कापसाच्या बंड्यांच्या रांगा लागत. बंडी बाहेर काढण्याआधी आसाला वंगण दिले की नाही, हे घरातला म्हातारा माणूस स्वतः पाही. अब्बू म्हणाले, "कोरडा आस रडतो. बंडीचा आवाज ऐकूनच बाबा सांगत की वंगण कधी दिलं होतं." यंत्र बदलले तरी गरज तीच आहे. लोखंडावर लोखंड घासते आणि मध्ये तेलाचा पातळ पडदा असतो. इंजिनमध्ये हा पडदा मिनिटाला हजारो वेळा फिरणाऱ्या क्रँकला सांभाळतो, उष्णता वाहून नेतो आणि झीज होऊन सुटलेला कचरा फिल्टरपर्यंत पोहोचवतो.

वेग साठ-सत्तरच्या आत ठेवला होता. लोणीजवळ थांबून पट्टी पाहिली, फरक नव्हता. मात्र बॉनेट उघडल्यावर जळक्या तेलाचा हलका वास आला. थेंब खालच्या गरम सायलेन्सर पाइपला लागत होता. हा वास आला की दुर्लक्ष करू नये. तेल सायलेन्सरवर सतत पडत राहिले तर धूर होतो, आणि क्वचित आगही लागू शकते. आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. चढावर गाडी मध्येच हलकासा झटका देत होती, जणू एका सिलिंडरची ठिणगी चुकत होती. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध आम्ही जोडला नव्हता. तो पुढे मिस्त्रीने जोडला.

कुरुम, माना ही गावे मागे टाकून मूर्तिजापूरला पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. मूर्तिजापूर म्हटले की वऱ्हाडातल्या जुन्या माणसाला शकुंतला आठवते. इथून एक अरुंद रेल्वेमार्ग यवतमाळकडे आणि दुसरा अचलपूरकडे जात असे. इंग्रजी कंपनीने कापूस वाहण्यासाठी बांधलेली ही लाइन अडीच फूट रुंदीची. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, हे ऐकून आजची मुले चकित होतात. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले. सत्तर वर्षे! अब्बू लहानपणी अचलपूरच्या दर्ग्याला याच गाडीने गेले होते. ते सांगतात की गाडी थांबली की एक माणूस लांब नळीची तेलाची झारी घेऊन खाली उतरे आणि चाकाच्या प्रत्येक सांध्याला तेल देई. लोक त्या वेळात खाली उतरून चहा पीत. आता गाडी बंद आहे. पण एक इंजिन सत्तर वर्षे का चालले, याचे निम्मे उत्तर त्या झारीत आहे.

मिस्त्रीचे दुकान म्हणजे टिनाचे एक शेड, पुढे कडुनिंब, खाली दोन बाकडी. वय पन्नाशीच्या आसपास. सलाम-दुआ झाली. अब्बूंना बाकड्यावर बसवून त्याने शागिर्दाला पाणी आणायला पाठवले आणि मग विचारले, "काय म्हणते गाडी?"

आम्ही गॅरेजचे निदान सांगितले. त्याने ऐकून घेतले, त्या गॅरेजबद्दल एक शब्दही वाईट काढला नाही. म्हणाला, "चाचा, तेल खाली वायते. म्हणून खालून पायलं तं खालीच दिसन. आपल्याले ते निंगते कुठून, हे पायनं हाये. पयले धुऊन काढू, मंग सांगतो."

मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबांचे बालपण मामाच्या घरी गेले. आधी झाडू, मग बाकीचे, ही त्यांची रीत. मिस्त्रीच्या शेडमध्येही तीच रीत दिसली. इंजिन थोडे थंड झाल्यावर त्याने अल्टरनेटर आणि वायरिंगच्या जोडण्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, ब्रशने डिझेल लावून इंजिनची वरपासून खालपर्यंतची काजळी सोडवली, मग साबणाचे पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा. अर्ध्या तासात बारा वर्षांचा काळा थर उतरून अॅल्युमिनियम चमकू लागले. मग त्याने संशयाच्या जागांवर टाल्कम पावडरचा हलका थर भुरभुरला. लहान बाळाला लावतात तीच पावडर. "आता दहा-बारा किलोमीटर हिंडून या," म्हणाला. शागिर्द सोबत बसला.

आम्ही अकोल्याच्या दिशेने थोडे जाऊन परत आलो. बॉनेट उघडल्यावर जे दिसले ते कोणालाही समजावे इतके स्पष्ट होते. इंजिनच्या अगदी वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या पावडरीवर एक तपकिरी रेघ उमटली होती. ती रेघ खाली उतरत, गिअरबॉक्सच्या जोडावरून वळत, खालच्या कडेला येऊन थेंब होत होती. तिथेच गॅरेजच्या माणसाने बोट लावले होते. थेंब खरोखर तिथूनच पडत होता, पण त्याचा उगम दीड-दोन फूट वर होता.

मिस्त्रीने नियम सांगितला, तो आम्ही लिहून घेतला. तेल खाली वाहते आणि धावत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ओल जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे दिसते तिथून शोध सुरू करायचा. त्याने बाकीच्या जागाही एकेक करून दाखवल्या : ऑइल फिल्टरची बैठक, तेलाच्या दाबाचा स्विच, चेंबर, चेंबरचा नट आणि त्याचा वायसर, पट्ट्याच्या बाजूचे सील. सगळे कोरडे होते. नुकतेच ऑइल बदलले असेल आणि लगेच गळती सुरू झाली असेल तर आधी फिल्टर आणि चेंबरचा नट पाहावा. फिल्टर ढिला बसलेला असतो, जुन्या फिल्टरचे रबर चिकटून राहिलेले असते किंवा नटाचा वायसर जुनाच लावलेला असतो.

आम्ही विचारले, "मग मागचे सील ठीक आहे कशावरून?"

"सील गेलं असतं तं वरून रेघ आली नसती. दोघाच्या जोडातून, आतून तेल आलं असतं. तसं असतं तं मी बी गिअरबॉक्स उतरवाच लागते म्हणून सांगतलं असतं. त्याले दुसरा विलाज नाही."

मग त्याने इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण सैल केले. झाकण थडथडू लागले आणि खालून तेलाची वाफ आली. त्याने मान हलवली. इंजिनमध्ये पेट्रोल जळताना थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतोच. तो बाहेर काढून पुन्हा जाळण्यासाठी टॅपेट कव्हरवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याला पीसीव्ही म्हणतात. तो काजळीने तुंबला की आत दाब वाढतो आणि तो दाब सगळ्यात कमजोर जोडातून तेल बाहेर ढकलतो. असा व्हॉल्व्ह तसाच ठेवून फक्त पॅकिंग बदलले तर सहा महिन्यांत दुसरीकडून गळती सुरू होते. मिस्त्रीने व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला. चांगला असेल तर आतली गोळी खुळखुळते. आमचा गप्प होता.

तोवर जोहरची वेळ झाली. टॅपेट कव्हर इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे घाईही नव्हती. मिस्त्रीने लाकडाचा भुसा आणि धुण्याची पावडर घेऊन हात कोपरापर्यंत घासले. नखांच्या कडेचा तेलकट थर निघेपर्यंत तो घासत राहिला, मग वजू केला. शागिर्दाला त्याने तसेच करायला लावले. अब्बू त्यांच्यासोबत मशिदीत गेले. अम्मींनी कडुनिंबाखाली डबा उघडला. परत आल्यावर सगळ्यांनी मिळून भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी खाल्ली.

जेवण झाल्यावर काम सुरू झाले. इग्निशन कॉइल बाजूला केल्यावर एका स्पार्क प्लगच्या विहिरीत तेल साचलेले दिसले. "हे पाय तुमचा झटका," मिस्त्री म्हणाला. टॅपेट कव्हरखाली मोठ्या पॅकिंगबरोबर प्लगच्या विहिरींच्या छोट्या रिंगाही असतात. त्या कडक झाल्या की तेल प्लगवर उतरते आणि ठिणगी चुकते. प्लग काढण्याआधी त्याने ते तेल कापडाने टिपून घेतले, नाहीतर ते सिलिंडरमध्ये गेले असते.

दहा नंबरच्या पान्याने बोल्ट निघाले, कव्हर उचलले. जुने पॅकिंग हातात घेऊन वाकवले तर कडकन मोडले. नवे पॅकिंग रबरासारखे वळत होते. बारा वर्षे इंजिनची उष्णता खाऊन रबर प्लास्टिकसारखे होते आणि खाचेत दबून चपटे होते, मग धातू तापून फुगला-आक्रसला की फट राहते. मिस्त्रीने खाच आणि हेडची कडा लाकडी पट्टीने आणि कापडाने साफ केली. लोखंडी पत्रीने अॅल्युमिनियम खरवडले तर ओरखडा पडतो आणि तिथून पुन्हा तेल येते, असे त्याने शागिर्दाला बजावले.

सिलिकॉनची ट्यूब पुढे आली तेव्हा आम्हाला वाटले आता सगळीकडे लावतील. त्याने फक्त दोन कोपऱ्यांवर, जिथे पुढचा भाग आणि हेड यांचा सांधा येतो, तुरीच्या दाण्याएवढा थेंब ठेवला. कारण विचारले तर म्हणाला की जास्तीचे सिलिकॉन आत फुगते, तुटून चेंबरमध्ये पडते आणि तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकते. बाहेरची गळती बंद होते आणि आत इंजिन तेलावाचून मरते. नंतर सगळे बोल्ट आधी हाताने बसवले, मग मधून बाहेरच्या दिशेने, आळीपाळीने, दोन फेऱ्यांत आवळले. छोटे बोल्ट जोर लावून आवळले तर कव्हर वाकते किंवा धागा मोडतो. गळती थांबत नाही म्हणून बोल्ट आणखी आवळणे हा बहुतेक घरगुती इलाज असतो आणि बहुतेक वेळा त्यानेच नुकसान होते.

सिलिकॉन सुकण्यासाठी थांबावे लागले. त्या वेळात हिशेब झाला : पॅकिंग आणि रिंगा ६५० रुपये, नवा व्हॉल्व्ह २८० रुपये, मजुरी ७०० रुपये. तेल आम्ही आणलेल्या डब्यातले अर्धा लिटर लागले, ते २५० रुपयांचे. एकूण १,८८० रुपये. अम्मींनी आकडा दोनदा विचारला. मग मुलीकडे पाहिले, आणि मुलगी त्या दिवसात पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

अब्बूंनी मिस्त्रीला विचारले, "तू इंजिन उघडायला सांगितलं असतंस तरी आम्हाला काय कळलं असतं?" तो हात पुसत म्हणाला, "चाचा, तुमाले नसतं कळलं. पण हा पोरगा पायत होता ना." आणि शागिर्दाकडे बोट केले. सोळा-सतरा वर्षांचा तो मुलगा पाने पुसून जागेवर लावत होता. गाडीच्या कामात गिऱ्हाईक आंधळा असतो, त्यामुळे त्याचा पैसा ही मिस्त्रीकडची अमानतच असते. ती कशी सांभाळायची, हे त्या मुलाला कोणत्याही आयटीआयच्या पुस्तकापेक्षा या शेडमध्ये लवकर कळणार आहे.

दुपार कलताना मूर्तिजापूर सोडले. काटेपूर्णा नदीचा पूल, मग बोरगाव मंजू, मग अकोल्याची पहिली वस्ती. चढावर झटका आला नाही. खालाजानच्या दारात गाडी उभी केल्यावर सगळ्यात आधी पुठ्ठा गाडीखाली गेला, मग सलाम झाला. खालाजान हसून म्हणाल्या, "पाहुणे आले की गाडीचे डॉक्टर?"

दुसऱ्या सकाळी पुठ्ठा कोरा होता. अब्बूंच्या डोळ्यांची तपासणी आटोपून आम्ही मोर्णेकाठी असदगड पाहायला गेलो. औरंगजेबाच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीस असदखानाच्या नावाने हा किल्ला उभा राहिला. आज बुरूज आणि भिंतींचे तुकडे उरले आहेत, पण हवाखान्यावरून शहर छान दिसते. खाली मोर्णा वाहते, तिच्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले. ते पाहताना एक गोष्ट लिहायलाच हवी असे वाटले. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलडाण्याचा मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. विहिरीला पाणी लागले तरी ते खारे. ज्या मुलुखात गोड पाण्याची एवढी टंचाई, तिथे जळके तेल नालीत किंवा मातीत ओतणे म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीत ओतण्यासारखे आहे. वापरलेल्या तेलात धातूचे कण आणि घातक रसायने असतात, कायद्याने तो घातक कचरा मानला जातो. घरी ऑइल बदलले तर जुने तेल डब्यात झाकून अशा गॅरेजला द्यावे जे ते पुनर्प्रक्रियेला पाठवते.

परतीच्या वाटेवर ठरल्याप्रमाणे मूर्तिजापूरला थांबलो. मिस्त्रीने बॅटरी मारून कव्हरची कडा पाहिली, बोट फिरवले, कोरडी होती. पैसे घेतले नाहीत. चहा मात्र त्यानेच पाजला.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंधरा दिवसांतून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हमखास पट्टी पाहा. घरातल्या बायका-मुलांनाही ती पाहायला शिकवा, त्याला दोन मिनिटे लागतात. तेल कमी असेल तर थोडे-थोडे, पाव-पाव लिटर घाला. वरच्या खुणेच्या वर भरणेही वाईट, त्याने फेस होतो आणि सील फुटतात. गळती लपवण्यासाठी जाड तेल किंवा बाटलीतले जादूचे औषध टाकू नका. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरा. मोठे काम सांगितले गेले तर शांतपणे एवढेच विचारा : इंजिन धुऊन पाहिले का? गळती नेमकी कुठून सुरू होते, ते दाखवाल का? ज्याने खरोखर पाहिले आहे तो दाखवतो. मागचे सील, हेडचे पॅकिंग किंवा पिस्टनच्या रिंगा खरोखर गेल्या असतील तर मोठा खर्च टळत नाही आणि तो टाळूही नये. पण त्याआधी दोनशे-तीनशे रुपयांची धुलाई आणि चिमूटभर पावडर हा सौदा स्वस्तच आहे.

मुलीची फी पुढच्या सोमवारी भरली. गाडी अंगणात आहे, आणि अम्मी सकाळी फरशी धुण्याआधी अजूनही एकदा वाकून पाहतात.